सहाय्यित निवासात साठा किती दिवसांचा ठेवावा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. चंद्रपूर जिल्ह्यात चिमूर तालुक्यातल्या एका गावात भाड्याच्या दोन घरांत मिळून नऊ प्रौढ एका संस्थेच्या आधाराने राहतात. काहींना बौद्धिक अपंगत्व आहे, काहींना जुना मानसिक आजार आहे, तिघांना फिट येतात. सोबतीला दोन मदतनीस ताई आणि रात्रीला एक दादा. गेल्या पावसाळ्यात रपट्यावरून, म्हणजे नाल्यावरच्या ठेंगण्या पुलावरून, पाणी गेलं आणि रस्ता तीन दिवस बंद राहिला. घरात तांदूळ, डाळ, तेल भरपूर होतं. संपल्या त्या तिथे राहणाऱ्या एकाच्या फिटच्या गोळ्या. आता संस्था ‘पंधरा दिवसांचा साठा’ असा ठराव करणार आहे. तो पुरेल का आणि यादी कशी करायची, असं तिथल्या ताईंनी विचारलं आहे.

ताई, सगळ्या वस्तूंना एकच आकडा लावू नका. तांदूळ पंधरा दिवसांऐवजी पाचच दिवसांचा असला तरी गावात कुणी ना कुणी पायलीभर देईल. फिटवरची व्हॅल्प्रोएटची गोळी मात्र शेजारी उसनी मिळत नाही. जी वस्तू गावात दुसऱ्या कुणाकडेच नसते आणि जिच्याशिवाय एखाद्या माणसाचा जीव धोक्यात येतो, ती जास्त दिवसांची हवी. बाकीच्या वस्तू बेताच्या असल्या तरी चालतं. ठरावात आकडा लिहायचाच असेल तर ‘जून ते सप्टेंबर, बंद न करता येणारी औषधं चालू महिन्याखेरीज तीन आठवड्यांची, पाणी तीन दिवसांचं, शिधा आठ दिवसांचा’ असं लिहा. हे आकडे माझ्या अनुभवातले आहेत. तुमचा रस्ता आजवर जास्तीत जास्त किती दिवस बंद राहिला, ते गावातल्या म्हाताऱ्यांना विचारा आणि त्याच्या दुप्पट धरा.

यादीची सुरुवात कोठीपासून न करता माणसापासून करा. प्रत्येकाजवळ बसा आणि विचारा, कोणती गोष्ट नसली तर तुमचा दिवस मोडतो? ज्यांना बोलता येत नाही त्यांच्यासाठी हा प्रश्न त्यांना रोज भेटणाऱ्या ताईंना आणि घरच्यांना विचारा. उत्तरं ऐकून तुमची यादी बदलेल. एखाद्याला ठरावीक ताटलीतच जेवण जातं. एखादीला रात्री छोटा दिवा लागतो आणि लाईन गेली की ती झोपतच नाही. कुणाच्या श्रवणयंत्राची बॅटरी तालुक्याला सोडाच, जिल्ह्यालाच मिळते. चष्मा, कुबडीचं रबर, चाकाच्या खुर्चीची ट्यूब, मासिक पाळीचे पॅड, हे सगळं संस्थेच्या यादीतून हमखास सुटतं, कारण यादी करणाऱ्याला त्यातलं काही लागत नसतं.

तंबाखूचंही विचारा. पुरात पानठेला बंद झाला की खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) खाणारा माणूस चिडचिडा होतो, हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको. बिडीची गोष्ट जास्त गंभीर आहे. बिडी-सिगारेटच्या धुरामुळे यकृत क्लोझापिन आणि ओलॅन्झापिन ही मानसिक आजाराची औषधं लवकर निकामी करतं, म्हणून बिडी ओढणाऱ्याचा डोस त्या हिशोबाने ठरलेला असतो. बिडी अचानक सुटली की तोच डोस अंगात जास्त साचू लागतो आणि आठवड्याभरात माणूस सुस्त होतो, लाळ गळते, तोल जातो. खर्र्याने असं होत नाही, कारण हा परिणाम धुराचा आहे, तंबाखूचा नाही. बिडी साठवून ठेवा असं मी म्हणणार नाही, पण कोण ओढतो आणि कोणत्या औषधावर आहे हे कागदावर असलं पाहिजे, आणि बिडी बंद पडल्याचं डॉक्टरांना फोनवर कळलं पाहिजे.

आता औषधांबद्दल, कारण खरा धोका इथेच आहे. नऊ जणांच्या मिळून चाळीस-पन्नास प्रकारच्या गोळ्या असतील तर त्यांचे दोन ढीग करा. पहिला ढीग, एक दिवसही थांबता कामा नये अशा औषधांचा. फिटची सगळी औषधं यात येतात: व्हॅल्प्रोएट, फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, लेव्हेटिरॅसिटॅम, क्लोबाझाम. ती अचानक थांबली तर एकामागून एक फिट येत राहण्याचा धोका असतो, आणि ज्याला वर्षभर फिट आलेली नाही त्यालाही तो असतो. इन्सुलिन यात येतं. क्लोनाझेपामसारख्या शांत करणाऱ्या गोळ्या बरेच महिने रोज चालू असतील तर त्याही यात, कारण त्या एकदम सुटल्यावरही फिट येऊ शकते. क्लोझापिनचा नियम ठळक अक्षरांत लिहून भिंतीला लावा: ४८ तासांपेक्षा जास्त खंड पडला तर जुन्या डोसवर परत जायचं नाही. डॉक्टरांना विचारून १२.५ मिलिग्रॅमपासून पुन्हा चढवत न्यावं लागतं. रस्ता तीन दिवसांनी उघडला, गोळी आली, आणि आनंदाने कुणी पूर्ण डोस दिला, तर रक्तदाब कोसळू शकतो. क्लोझापिन रक्ततपासणीशीही बांधलेलं आहे, म्हणून पावसाळ्यातल्या तपासणीच्या तारखा डॉक्टरांकडून आधीच ठरवून घ्या.

दुसरा ढीग, चार दिवस चुकले तरी निभावणाऱ्या औषधांचा. कॅल्शियम, लोह, जीवनसत्त्वं त्यात येतात. थायरॉइडची गोळी, थायरॉक्सिन, हीही बहुतेकांच्या बाबतीत इथेच ठेवता येतं, कारण ते शरीरात बरेच दिवस टिकतं. डाऊन सिंड्रोम असलेल्या अनेकांना ते चालू असतं, आणि ते दोन दिवस नसलं म्हणून कुणी पुरातून पोहत जाण्याची गरज नाही. हे दोन ढीग तुम्ही स्वतः करू नका. तुम्ही कच्ची यादी करा आणि डॉक्टरांकडून त्यावर खूण करून घ्या. ही वाटणी झाली की साठ्याचा खर्च बराच कमी होतो, कारण जास्तीचे तीन आठवडे फक्त पहिल्या ढिगाला लागतात.

जास्तीची औषधं मिळवायची कशी? सरकारी दवाखान्यातून किंवा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या शिबिरातून पंधरा दिवसांची किंवा महिन्याची मिळतात, आणि जुलैत जाऊन जास्त मागितली तर नाही म्हणतात. मे महिन्यातच जा. आमचं गाव पावसाळ्यात तुटतं, असं ग्रामपंचायतीचं पत्र सोबत न्या आणि डॉक्टरांकडून जास्त दिवसांची चिठ्ठी लिहून घ्या. गावच्या मेडिकलवाल्याला तुमच्या पहिल्या ढिगाची यादी द्या. त्याला दर महिन्याला काय लागणार हे ठाऊक असलं तर तो मागवून ठेवतो. मात्र त्याच्याकडच्या सगळ्या पट्ट्या एकदम उचलू नका. फिटचा रुग्ण गावात दुसऱ्या घरीही असतो, आणि त्याच्यामागे संस्था नसते.

डॉक्टरांकडे गेलात की आणखी एक कागद करून घ्या. मी त्याला ‘हे नसेल तर काय’ म्हणतो. प्रत्येकाच्या पहिल्या ढिगातल्या प्रत्येक औषधापुढे, ते मिळालं नाही तर तात्पुरतं काय द्यायचं, किती आणि किती दिवस, हे डॉक्टरांच्या हातचं आणि सहीनिशी. सरकारी पुरवठ्यात एखादी ताकद संपलेली असते, दोनशेची गोळी नसते आणि पाचशेची असते. लांब पल्ल्याची, म्हणजे हळूहळू औषध सोडणारी, गोळी मोडून किंवा कुटून दिली तर तिचं औषध एकदम अंगात उतरतं, हे मदतनीस ताईला माहीत नसतं. फेनिटॉइनमध्ये कंपनी बदलली तरी काहींना फरक पडतो. हे निर्णय रात्री अकरा वाजता नेटवर्क नसताना घेण्याचे नाहीत. कागदावर औषधाचं मूळ नाव आणि मिलिग्रॅम लिहा. ‘सकाळची पांढरी’ असं लिहिलेला कागद दुसऱ्या दवाखान्यात उपयोगाचा नसतो.

इन्सुलिनबद्दल एक धोका वेगळा सांगतो. आपल्याकडे कुप्या दोन ताकदींच्या मिळतात, एका मिलिलिटरमध्ये ४० युनिटची आणि १०० युनिटची. सिरिंजही दोन वेगळ्या, ४० ची लाल टोपणाची आणि १०० ची केशरी टोपणाची. टंचाईत नेहमीची कुपी मिळाली नाही, १०० ची मिळाली आणि ती ४० च्या सिरिंजने भरली, तर अडीचपट इन्सुलिन जातं. साखर इतकी उतरते की माणूस झोपेतच बेशुद्ध होतो. म्हणून कुपी आणि सिरिंज एकाच डब्यात, जोडीने ठेवा, आणि कुपी बदलली की तो डबाच बदला.

दोघांना एकच औषध चालू असतं तेव्हा एकाची गोळी दुसऱ्याला द्यावी का, हेही विचारलं जातं. औषध ज्याचं त्याचं आहे, त्याच्या नावावर आणि पुष्कळदा त्याच्या पेन्शनमधून आलेलं. तरीही जीवावर बेतलं असेल तर डॉक्टरांना फोन करून, ज्याची गोळी आहे त्याला विचारून, वहीत दोघांच्या नावांसह नोंद करून द्या आणि रस्ता उघडला की पहिल्यांदा ती परत करा. न विचारता द्यायची नाही. सहाय्यित निवास म्हणजे ते त्यांचं घर आहे आणि त्या कपाटातलं सामान त्यांचं आहे, ही गोष्ट पुरातही बदलत नाही.

साठा ठेवताना नवी पट्टी राखीव डब्यात जाते आणि राखीवातली जुनी वापरात येते. उलटं केलं की सप्टेंबरात मुदत संपलेल्या गोळ्या हाती येतात. पावसाळ्यात पट्ट्या घट्ट झाकणाच्या डब्यात, जमिनीपासून उंच ठेवा. मातीच्या भिंतीतल्या कोनाड्यात ओल येते. प्रत्येकाच्या नावाची एक पिशवीही तयार हवी: सात दिवसांची पहिल्या ढिगातली औषधं, चिठ्ठीची प्रत, आधार आणि अपंगत्वाच्या कार्डाची प्रत, एक फोटो, घरच्यांचा नंबर, आणि ‘मला असं समजावून सांगा’ अशा चार ओळी. गाव सोडावं लागलं तर ही पिशवी माणसाबरोबर जाते.

सगळे पुराचीच तयारी करतात, पण विदर्भात माझ्या मते मे महिना जास्त घातक आहे. चंद्रपूर, ब्रह्मपुरीकडे पारा ४६-४७ अंशांवर जातो. नेमकी त्याच वेळी डीपी (विजेचा ट्रान्सफॉर्मर) जळते आणि ती बदलायला दोन-तीन दिवस लागतात. लाईन नाही म्हणजे कूलर नाही, बोअरची मोटर नाही, नळयोजनेची टाकी भरत नाही, इन्सुलिनचं फ्रीज बंद. रस्ता मात्र उघडा असतो, म्हणून त्याला कुणी आपत्ती म्हणत नाही आणि तहसीलचं कुणी विचारायला येत नाही. आपल्या घरातल्या माणसांना हा उन्हाळा इतरांपेक्षा जास्त बाधतो. मानसिक आजाराची बरीच औषधं शरीराचं तापमान सांभाळण्याची ताकद कमी करतात. हात थरथरू नयेत म्हणून दिलेली ट्रायहेक्सिफेनिडिल घाम कमी करते. लिथियम या मानसिक आजाराच्या औषधावर असलेल्याचं पाणी आणि मीठ घामातून गेलं की रक्तातलं लिथियम वाढतं: उलट्या, हाताला मोठी थरथर, चालताना झोक, भ्रमिष्टासारखं बोलणं. त्यात कुणी अंगदुखीसाठी आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक दिली तर ते आणखी वाढतं. अशी लक्षणं दिसली तर पुढचा डोस देण्याआधी डॉक्टरांना विचारा आणि १०८ ला फोन करा. सिकलसेल असलेलं कुणी असेल, आणि पूर्व विदर्भात असण्याची शक्यता बरीच आहे, तर पाणी कमी पडल्याने त्यांना वेदनेचा झटका येऊ शकतो. तहान लागल्याचं जे सांगू शकत नाहीत त्यांना घड्याळ पाहून पाणी द्या आणि लघवीचा रंग पाहा.

मे महिन्याचं इन्सुलिन मातीच्या मडक्यात सांभाळता येतं. मोठ्या मडक्यात लहान मडकं, मधे ओली वाळू, वरून ओलं फडकं, आणि कुपी कोरड्या प्लास्टिकच्या पिशवीत आतल्या मडक्यात. सावलीत आणि वाऱ्यावर ठेवलं की कोरड्या हवेत ते खोलीपेक्षा बरंच थंड राहतं. वापरात असलेली कुपी अशा थंडाव्यात साधारण चार आठवडे चालते. बर्फाला मात्र कुपी टेकू देऊ नका, गोठलेलं इन्सुलिन वाया जातं.

पाण्याचा हिशोब माणशी किमान १५ लिटर रोजचा धरा: पिणं, स्वयंपाक, स्वच्छता मिळून. आणीबाणीच्या मदतकार्यात जगभर हाच किमान आकडा वापरतात. तुमचे नऊ जण आणि तीन मदतनीस मिळून १८० लिटर रोजचे, तीन दिवसांचे ५४०. ज्यांचे कपडे-चादरी रोज धुवाव्या लागतात त्यांच्यासाठी वेगळं पाणी धरा. मे महिन्यात कूलरही दिवसाला काही बादल्या पितो, तो हिशोबात कधीच धरलेला नसतो. बोअर बंद पडला तर कोणता हातपंप चालू आहे, तिथून पाणी कोण आणणार, बंडी कुणाची, हे आत्ताच ठरवा. हातपंपाचं पाणी पिण्यायोग्य आहे की नाही तेही पाहा. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात ते खारं असतं. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतल्या काही गावांत फ्लोराइड जास्त आहे. ग्रामपंचायतीकडे तपासणीचा अहवाल मागा. पूर ओसरल्यावर विहिरीचं पाणी उकळल्याशिवाय किंवा क्लोरीन टाकल्याशिवाय कुणालाही देऊ नका. क्लोरीनच्या गोळ्या आणि ओआरएसची पाकिटं आशाताईंकडे आधीच मागून ठेवा. ओआरएसचं एक लिटरचं पाकीट पूर्ण एक लिटरमध्येच विरघळवायचं. ग्लासात थोडी थोडी पूड टाकून देणं चुकीचं आहे, त्याने मीठ जास्त जातं.

शिध्याबद्दल फार सांगायची गरज नाही, घर चालवणाऱ्यांना ते येतं. गिळायला त्रास असलेल्यांचं तेवढं सांगतो. पुरात मदत म्हणून जे येतं ते मुरमुरे, चिवडा, फरसाण, बिस्किटं. यातलं बहुतेक कोरडं आणि भुरभुरीत, आणि नेमकं तेच घशात अडकतं. अशांसाठी ज्वारीच्या कण्या, गुरगुट्या भात, दाट आंबील, पाण्यात किंवा दुधात दाट कालवलेलं सातूचं पीठ वेगळं ठेवा. सातूला शिजवणं लागत नाही, गॅस संपला तरी चालतं. सिलिंडर एक भरलेला जादा असू द्या. चुलीची वेळ आली तर ती बाहेर आडोशाला मांडा आणि फिट येणाऱ्या व्यक्तीला आगीजवळ एकटं ठेवू नका.

धान्य जास्त भरलं की किडीची भीती, आणि मग कुणीतरी सल्फासची गोळी पोत्यात टाकतं. राहत्या घरात ती कधीही नको. तिच्यातून निघणारा वायू बंद खोलीत जीव घेतो. पाऱ्याच्या गोळ्याही नकोत. आपल्याकडे हाती येईल ते तोंडात घालणारी माणसं असतात, हे विसरून चालत नाही. धान्याला ऊन द्या, कडुलिंबाचा पाला घाला, घट्ट डबे वापरा आणि मुळात कमीच भरा.

डायपरसाठी सरासरी आकडा घेऊ नका. ज्या व्यक्तीला लागतात तिचा एक आठवडा मोजा आणि त्यावरून दहा दिवसांचे ठेवा. सोबत जुन्या सुती लुगड्या-धोतरांच्या घड्या आणि प्लास्टिकचं अंथरूण असू द्या. पावसाळ्यात कापड वाळत नाही, म्हणून कापडाच्या घड्या उन्हाळ्याच्या तिप्पट लागतात. ओल्या कापडावर झोपलेल्या माणसाची कातडी दोन दिवसांत सोलते, तेव्हा खोबरेल किंवा झिंकचं मलमही यादीत घ्या.

आता ज्या तुटवड्याला यादीत जागाच नसते, तो मदतनिसांचा. रपटा बुडाला की ताई पलीकडच्या गावातून येऊ शकत नाहीत. त्याहून जास्त वेळा मात्र त्या येत नाहीत त्या हंगामाच्या कामांमुळे. मे महिन्यात गडचिरोली, गोंदिया, चंद्रपूरच्या जंगलपट्ट्यात तेंदूपत्त्याचा हंगाम असतो आणि चार दिवसांत हातात चांगला पैसा येतो. जूनमध्ये पेरणी, जुलैत धानाची रोवणी, ऑक्टोबरात सोयाबीनची सोंगणी, दिवाळीनंतर कापसाची वेचणी, मधे पोळा. यातल्या कशाचाही दोष ताईंना देऊ नका. स्वतःचं वावर सोडून कुणी आपल्याकडे का यावं? हा तुटवडा आधीच ठाऊक असलेला आहे, तेव्हा भिंतीवरच्या कॅलेंडरवर या हंगामांच्या खुणा करा आणि त्या दिवसांसाठी दुसरी फळी बांधा: निवृत्त अंगणवाडीताई, शेजारच्या मावशी, गावातला एखादा भरवशाचा पोरगा. त्यांना कोरड्या दिवसांत महिन्यातून एकदा बोलवा, त्या दिवसाचे पैसे द्या, आणि घरातल्यांना विचारा की हे माणूस चालेल का. ज्याला आंघोळीला मदत लागते त्याच्यासमोर पुराच्या दिवशी अनोळखी माणूस उभा करणं त्याच्यावर अन्याय आहे. एसटीचा संप २०२१ च्या शेवटी सुरू होऊन २०२२ च्या एप्रिलपर्यंत लांबला, तेव्हा एसटीने येणाऱ्या मदतनिसांवर चालणाऱ्या घरांची काय ओढाताण झाली असेल ते बघा. निदान एक मदतनीस पायी येण्याच्या अंतरावरची असावी, हा माझा आग्रह आहे.

दुसऱ्या फळीला एकच गोष्ट पक्की शिकवा, ती म्हणजे फिट आल्यावर काय करायचं. कुशीवर वळवायचं, तोंडात चमचा-कांदा-चप्पल काही घालायचं नाही, घड्याळ पाहायचं. पाच मिनिटांत थांबली नाही तर डॉक्टरांनी लिहून दिलेला नाकात मारायचा मिडाझोलमचा फवारा द्यायचा आणि १०८. तो फवारा तुमच्या तिघांसाठी लिहून घेतला आहे का? नसेल तर या महिन्यातलं पहिलं काम तेच.

पूर इथल्याच पावसाने येतो असं धरू नका. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला पूर आला तेव्हा पाणी वरून, मध्य प्रदेशातून आलं. गोसीखुर्द धरणाचे सगळे ३३ दरवाजे उघडावे लागले आणि ब्रह्मपुरी तालुक्यातल्या गावांना पाण्याने वेढलं. गडचिरोलीतल्या भामरागडला तर पर्लकोटा नदीचं पाणी पुलावर चढून दर पावसाळ्यात संपर्क तुटतो. म्हणून धरणाच्या विसर्गाची सूचना कुणाच्या फोनवर येते ते शोधा. पोलीस पाटील, तलाठी, सरपंच यांच्यापैकी ज्याला ती येते त्याने तुम्हालाही कळवावं, अशी बोलणी करून ठेवा. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात, कलम ८ मध्ये, आपत्तीत दिव्यांगांना समान संरक्षण सांगितलं आहे, आणि जिल्ह्यातल्या दिव्यांगांची नोंद ठेवण्याची जबाबदारी जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणावर आहे. जूनच्या आधी तहसीलला लेखी अर्ज द्या: नऊ जण, कोण चालू शकत नाही, कोणाला फिट येतात, घर कुठे आहे. अर्जाची पोच घ्या. जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाचा १०७७ हा नंबर दारामागे मोठ्या आकड्यांत लिहा. त्या यादीत नाव असलेल्या घराकडे बोट लवकर येते की नाही ते त्या दिवशीच्या माणसांवर असतं, पण नाव नसलं तर मागायला आधारच राहत नाही.

पैशाचं थोडक्यात. टॉवर बंद पडला की फोनवरून पैसे जात नाहीत, म्हणून दहा-वीस-पन्नासच्या नोटा घरात असाव्यात आणि किराणावाल्याशी आठ दिवसांच्या उधारीचं आधीच बोलून ठेवावं. राहणाऱ्यांचे स्वतःचे पैसे या नोटांत मिसळू नका. गाडीची टाकी पावसाळ्यात अर्ध्याखाली जाऊ देऊ नका. जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत ट्रकचालकांच्या संपाने पंपांवर रांगा लागल्या होत्या, त्याला पूर लागला नव्हता.

हे सगळं राहणाऱ्यांना सांगायचं की नाही, यावर संस्थांमध्ये दोन मतं असतात. मी सांगण्याच्या बाजूचा आहे. राखीव डबा कुलपात ठेवून ‘हात लावू नका’ म्हटलं की तो डबा सगळ्यांच्या डोळ्यांत येतो. डबा कशासाठी आहे, त्यात माझ्या नावाचं काय आहे हे दाखवलं, आणि महिन्याच्या एक तारखेला मुदत तपासण्याचं काम त्यांच्यातल्याच एकाकडे दिलं, तर तो साठा नीट राहतो. आकडे वाचता येत नसतील तर लाल-हिरव्या ठिपक्यांनी काम होतं. फार खाण्याचा आजार असलेली व्यक्ती असेल तर गोष्ट वेगळी, ते डॉक्टरांशी आणि त्या व्यक्तीशी बोलून ठरवा.

मे अखेरीस, मृग लागण्याच्या आधी, एक दिवस ‘बंद’ पाळून पाहा. सकाळपासून मोटर सुरू करायची नाही, दुकानात जायचं नाही, फोन एकच वापरायचा, आणि दुसऱ्या फळीतलं माणूस बोलवायचं. संध्याकाळी नऊही जणांना विचारा काय कमी पडलं आणि त्यांच्याच शब्दांत वहीत लिहा. खऱ्या पुरानंतर रस्ता उघडला की हीच वही पुन्हा काढायची. भिजलेल्या पट्ट्या टाकून द्यायच्या, उसन्या घेतलेल्या गोळ्या आणि धान्य परत करायचं, ज्यांचे डोस चुकले त्यांच्या डॉक्टरांना तारखांसकट कळवायचं, आणि राखीव डबा त्याच आठवड्यात परत भरायचा, कारण ऑगस्टचा पूर गेला तरी सप्टेंबर बाकी असतो.